उघड्या दाराची तक्रार

आमच्या दाराचं कुलूप बोलतं. असलं कुलूप घ्यायची काय गरज होती, असं मला अनेकांनी विचारलंय आणि मी प्रत्येकाला वेगळं कारण सांगितलंय. खरं कारण असं, की ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये एका रविवारी कुलपांचं प्रदर्शन भरलं होतं. बाहेर मे महिना होता आणि आत एसी होता. मी आणि बायको, दोघंही नोकरीवाले आणि किल्ल्या विसरण्यात सारखेच तरबेज. विकणाऱ्यानं कुलपावर बोट टेकवलं, कुलूप उघडलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि घेऊन टाकलं.

हे कुलूप बोटानं उघडतं, आकड्यांनी उघडतं, कार्डानं आणि फोननंही उघडतं. दार लोटलं की आपोआप लागतं. दार थोडा वेळ उघडं राहिलं तर आधी पिं-पिं करतं, मग एक बाई हिंदीत ‘कृपया दरवाज़ा बंद करें’ म्हणते, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर दोन्ही आळीपाळीनं चालू राहतं. आम्ही दोघंच होतो तोवर त्या बाईवर बोलायची वेळ फारशी आली नाही. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत आणि चारही कायम बंद. लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर मान हलवायची आणि मजल्याचा आकडा बदलताना बघत राहायचं, एवढीच आमची शेजाऱ्यांशी ओळख.

मग आई राहायला आली.

आई साताऱ्याकडच्या आमच्या गावी एकटी राहत होती. वडील गेले तरी तिनं घर सोडलं नव्हतं. गेल्या वर्षी ती परसात घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी आता एकटं राहायचं नाही असं बजावलं. पडल्यावर ती कितीतरी वेळ तशीच पडून होती, हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं. आईनं ते अजूनही मला सांगितलेलं नाही. मी तिला घेऊन यायला गेलो तेव्हा ती निघाली खरी, पण अट घालून.

‘चार म्हैनं बगती. न्हाई करमलं तर मला गाडीत बसवून द्यायचं. त्येव्हा डाक्टरचं नाव काढायचं न्हाई.’

मी हो म्हणालो. माझ्या मनात एकच होतं, तिनं परत जाऊ नये. गावी फोन लावला आणि तो नुसताच वाजत राहिला की मी शेजाऱ्यांना फोन करून तिला बघायला पाठवायचो, आणि ते मला परत नको होतं. त्यामुळे आई ऐरोलीत रमते की नाही हा आमच्या घरात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होऊन बसला. तिला वेगळी खोली दिली, तिच्या मालिकांचं पॅकेज घेतलं, खिडकीत तुळस ठेवली. कुलपाचा विचार कुणीच केला नाही.

आमच्या गावात दिवसा दार लावत नाहीत. दिवसा दार लावलेलं दिसलं तर घरात कुणी नाही, नाहीतर घरात काही वाईट झालंय, असे दोनच अर्थ होतात. दिवेलागणीला दार लावणं तर लक्ष्मीच्या तोंडावर दार लावण्यासारखं. जे काही लावायचं ते जेवणं आटोपल्यावर, झोपताना. आई आयुष्यभर असंच राहिली. आमच्याकडे आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला म्हणून उंबऱ्याबाहेर गेली आणि मागं दार लागलं. तिचं बोट कुलपात नोंदवलेलं होतं, पण ती कणीक मळता मळता उठलेली. पदराला पुसूनही पिठाचं बोट कुलपानं ओळखलं नाही, आणि आकडे तिला पाठ नव्हते. ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. बायको ऑफिसमधून आली तेव्हा तिला आई तिथं भेटली.

‘समोरचं दार वाजवायचं ना, आई,’ बायको म्हणाली.

‘लावलेलं हुतं गं त्येंचं दार. काय झालं आसंल त्येंच्यात, कुणाला म्हाईत. आपण कसं वाजवायचं?’

दुसऱ्या दिवसापासून आईनं यावर स्वतःचा उपाय काढला. गावाहून तिनं तिचा लोखंडी खलबत्ता आणला होता. आम्ही ऑफिसला गेलो की ती दार सताड उघडायची आणि त्याला तो खल लावून ठेवायची. मग पिं-पिं सुरू व्हायचं, मग ती हिंदी बाई. आईला त्याचं काहीच वाटायचं नाही. गावच्या घरासमोर पिठाची गिरणी आहे, तिच्या आवाजात तिनं आम्हाला वाढवलंय. मी एकदा सुट्टीवर घरी असताना पाहिलं: कुलपातली बाई ‘बंद करें’ म्हणाली की आई भाजी निवडता निवडता ‘व्हय बाई, करती’ म्हणायची आणि पुढची जुडी घ्यायची.

तिला काही वाटत नसलं तरी बाकीच्यांना वाटत होतं. टॉवरमध्ये बाहेरून जाळीचं दार बसवायला परवानगी नाही, कारण सगळे मजले एकसारखे दिसले पाहिजेत. त्यामुळे दार उघडं म्हणजे उघडंच, आणि आवाज थेट लॉबीत. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज यायला लागले. ‘कुणाच्या तरी दाराचा आवाज येत आहे. कृपया सहकार्य करावे.’ खाली हात जोडल्याची चित्रं. कुणाच्या तरी म्हणजे आमच्याच, हे सगळ्यांना माहीत होतं. समोरच्या मावशी तेवढंही आडून बोलत नव्हत्या. त्या थेट मला फोन करायच्या.

मावशी मूळच्या इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. गावठाणातलं त्यांचं घर पाडून तिथं इमारत उभी राहतेय, तोवर त्या मुला-सुनेबरोबर आमच्या टॉवरमध्ये आल्यात. मुलगा आणि सून दिवसभर बाहेर.

‘तुमचा दार वाजतंय कवाचा,’ त्या म्हणायच्या. ‘डोका उठला आमचा.’

‘सॉरी मावशी. कंपनीला कळवलंय.’

‘कवा येनार कंपनी?’

‘येईल म्हणालेत.’

‘बरा,’ म्हणून त्या फोन ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करायच्या.

आईला दार लावायला सांगून बघितलं. तिनं एक दिवस लावलं. संध्याकाळी मी आलो तर ती कपाटातल्या साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसली होती. ‘तुरुंगात बी दाराला गज आसत्यात, भाईरचं दिसतं तरी,’ एवढंच म्हणाली. मी म्हटलं, ठीक आहे, उघडं ठेव. आवाजाचं मी बघतो.

इथं माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी ज्या कंपनीत आहे ती दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांच्या तक्रारी सांभाळते. सांभाळते म्हणजे बंद करते. सोडवणारं खातं वेगळं आहे. ते कुठं बसतं हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा कुलपाच्या कंपनीला फोन करताना पलीकडे काय चाललेलं असतं याची मला पूर्ण कल्पना होती. त्याचा उपयोग काही झाला नाही. आधी एक दाबा, मग चार दाबा, मग तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे हे बराच वेळ ऐका. शेवटी एक मुलगी आली. आवाज बंद कसा करायचा, असं मी विचारलं.

‘सर, दार बंद केल्यावर आवाज आपोआप बंद होईल.’

‘दार उघडं ठेवायचंय.’

 तिच्यासमोरच्या स्क्रीनवर असं उत्तर नव्हतं. ‘सर, मग आपण कुलूप का वापरताय?’ असं तिला विचारायचं असणार, पण तिचंही बोलणं कुणीतरी ऐकत असतं. तिनं तक्रार नोंदवून घेतली. वर्गवारी टाकली: दार बंद होत नाही.

त्यानुसार दार दुरुस्त करणारा माणूस आला. दार बंद होतंय हे त्यानं आम्हाला पाच-सहा वेळा बंद करून दाखवलं. मग कुलपाचा माणूस आला. तो दिघ्याहून बाइकवर आला होता आणि त्याला पुढं तीन ठिकाणी जायचं होतं. त्यानं सांगितलं की या मॉडेलमध्ये आवाज बंद करायची सोय नाही, वरच्या मॉडेलमध्ये आहे. दार लागलंय हे याला कसं कळतं, असं मी विचारलं. चौकटीत चुंबक असतो, तो कुलपासमोर आला की त्याला कळतं, असं तो म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे ओटीपी मागितला. मी दिला आणि लगेच मेसेज आला: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया रेटिंग द्या. दार वाजतच होतं. तो माणूस पायात बूट घालत ‘फाइव्ह स्टार द्या सर, नाहीतर आमचं कापतात’ म्हणाला. मी दिले. मला या धंद्यातलं कळतं.

चुंबकाची गोष्ट मात्र माझ्या डोक्यात राहिली. आमच्या फ्रिजवर महाबळेश्वरहून आणलेली एक चुंबकाची स्ट्रॉबेरी होती, खाली वाण्याचं बिल धरून. मी बिल बाजूला ठेवलं आणि दार उघडं असतानाच ती स्ट्रॉबेरी कुलपाच्या कडेला लावून बघितली. जरा वर, जरा खाली. एका जागी हिरवा दिवा लागला आणि कुलपानं मोठ्या समाधानानं आपला दांडा बाहेर काढला. दार सताड उघडं आणि कुलपाची खात्री की आपण घर बंद केलंय. मी थांबलो. पिं-पिं नाही. बाई नाही. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, ‘म्हणजे एवढं महागाचं कुलूप आता जीभ बाहेर काढून उभं राहणार.’ ते खरं होतं, पण जीभ बाहेर असल्यामुळे दार वाऱ्यानं लागायचीही भीती उरली नाही. एका स्ट्रॉबेरीत दोन कामं झाली. मी चिकटपट्टी लावून जागा पक्की केली. ऑफिसला जाताना लावायची, जेवणं झाली की काढायची. खूप वर्षांत मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं नव्हतं.

ग्रुपवर मेसेज थांबले. सेक्रेटरींनी अंगठ्याचं चित्र टाकलं. मावशींचा फोन बंद झाला. आई दिवसभर दार उघडं ठेवत होती आणि कुणाला त्रास नव्हता. मी ऑफिसात हा किस्सा चहाच्या वेळी पुन्हा पुन्हा सांगितला. दोघा-तिघांनी चुंबक कुठं लावायचा ते विचारून घेतलं.

घरात मात्र दूध उरायला लागलं. आधी आम्हाला दुधाची एक पिशवी वाढवावी लागली होती, आईला चहा लागतो म्हणून. आता ती जादाची पिशवी तशीच नासत होती. बायकोनं मला ते सांगितलं. मी म्हटलं, एक पिशवी कमी कर. आई जेवताना बोलेनाशी झाली. मालिका लावलेली असायची आणि ती दाराकडे तोंड करून बसलेली असायची. गुडघे दुखत असतील, असं मला वाटलं.

एका संध्याकाळी ती म्हणाली, ‘ह्या रविवारी मला गाडीत बसवून दे.’

मी जेवत होतो. चार महिने व्हायला अजून अवकाश होता. ‘का? काय झालं?’

‘काय न्हाई. करमंना झालंय.’

‘आत्तापर्यंत तर करमत होतं.’

‘त्येव्हा मान्सं येत हुती.’

‘कोण माणसं?’ मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे कुणी येत नाही.

मग तिनं सांगितलं. समोरची रोज यायची. पहिल्या दिवशी भांडायला आली होती. आई म्हणाली बसा, चहा ठेवलाय, तेव्हा बसली. दुसऱ्या दिवशी परत आवाज म्हणून आली, तीही बसली. मग रोजच. खालच्या मजल्यावरची एक गुजराती आजी यायची. तिला आईचं बोलणं कळायचं नाही, आईला तिचं. पण शेंगा सोलायला बरी होती. वॉचमन यायचा, दार लावा म्हणून सांगून उभ्या उभ्या कप संपवून जायचा.

‘अगं, ते सगळे तक्रार करायला यायचे,’ मी म्हणालो.

‘मग? बसायचे की. तक्रार काय उभ्यानं करत्यात व्हय?’ वॉचमनचं तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती म्हणाली, ‘त्यो एक सोड.’

मी आमटी वाढून घेतली.

‘आन आता दार तर सारा दिस उघडंच हाय,’ ती म्हणाली. ‘चा बी ठेवती. पर कुणी येत न्हाई. माझंच कायतरी चुकलं आसंल.’

‘तुझं काय चुकणार?’

‘त्या समोरचीला मी एकदा बोलले. म्हटलं, तुमच्यातनं सुकटाचा लई वास येतो बाई. मी माळकरीण, मला सवय न्हाई. आसंच बोलले रं, हसत हसत. त्ये लागलं आसंल तिला. तवाधरनं आली न्हाई.’ तिनं ताटातला भात एका बाजूला केला. ‘जाऊन म्हणावं म्हटलं, मनात काय ठिवू नगा. पर तिचं दार लावल्यालं.’

मला त्या स्ट्रॉबेरीचा भयंकर राग आला. मग स्वतःचाही आला, पण आईसमोर कुणाकुणाचा राग आलाय ते सांगता येईना. नीट सांगायला गेलो असतो तर तिला असं ऐकावं लागलं असतं, की लोक तुझ्यासाठी येत नव्हते, कुलपासाठी येत होते. आणि ते खरं आहे का, हे मलाही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, ‘बरं. रविवारचं बघतो.’ ती म्हणाली, ‘बगतो न्हाई. बसवून दे.’ त्या रविवारची मला इतकी धास्ती वाटली की ताटावरून उठून मी उगाचच खिडकीतल्या तुळशीला पाणी घातलं. बायकोनं सकाळीच घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना मी दार उघडलं, खल लावला आणि स्ट्रॉबेरी खिशात टाकली. आईला काही बोललो नाही. लिफ्टचं दार मिटत असताना मागं पिं-पिं सुरू झालेलं ऐकू आलं.

ऑफिसात माझं कामात लक्ष नव्हतं. मावशी फोन करतील असं वाटत होतं, पण अकरा वाजले तरी फोन नाही. ग्रुपवर मेसेज आला, ‘पुन्हा तोच आवाज. कृपया सहकार्य करावे.’ मला बरं वाटलं. त्या ग्रुपवरचं काही वाचून बरं वाटण्याची ती पहिलीच वेळ. तरी मावशींचा फोन नाहीच. म्हणजे सुकटाचं खरंच लागलं असेल. आईकडून मी काय वदवून घेऊ, मावशींकडे जाऊन मी काय बोलू, याची जुळवाजुळव मी मनात करत बसलो.

जेवायच्या सुट्टीच्या जरा आधी फोन आला.

‘तुमचा दार परत वाजतंय,’ मावशी म्हणाल्या.

‘हो मावशी. सॉरी. कंपनीला कळवतो.’

‘ता ऱ्हाव दे. मी काय बोलते, तुमची आई हितंच व्हती?’

‘हो. इथंच आहे. कुठं जाणार?’

‘आवाज बंद झाला ना, तवा मना वाटला ताई गेल्या गावाला. सांगून पन नाय गेल्या. मना येवरा राग आलेला, दार उघरून बगला पन नाय. रोज येऊन बसायची मी, आनि जाताना एक शब्द नाय?’ त्या म्हणाल्या. ‘आज वाजला तवा धावत आले.’

 आमच्या ऑफिसात असलं काही ऐकायची सोय नाही, शेजारी माणूस बसलेला असतो. मी फोन घेऊन जिन्यात आलो.

‘तुम्ही आता कुठं आहात मावशी?’ मी विचारलं.

‘कुठं म्हंजे? तुमचे घरान. देऊ काय फोन ताईंना?’

फोनमध्ये भांड्यांचा आवाज आला, कुलपातल्या बाईचा आला, आणखी कुणाचं तरी गुजराती बोलणं आलं. मग आई आली. तिचा आवाज कामात असल्यासारखा होता.

‘काय रं?’

‘काही नाही. रविवारचं विचारायचं होतं. गाडीचं.’

‘कसलं रविवारचं?’ आई म्हणाली, आणि माझ्याशी बोलायचं सोडून साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे ते कुणाला तरी सांगायला लागली.